नाव लिही

प्रिय मुली,

चित्र पोचलं. झुलपं फक्कड जमलीत, बांधा मात्र उगाच बारीक केलास. ती तशी नव्हती. होस्टेलवरच्या मैत्रिणी हसल्या, ‘असल्या बाईसाठी रडतेस?’ म्हणाल्या, आणि आता तुलाच कळेना की आपलं चुकलं का. रड की! त्याला माझी परवानगी कशाला? मला राग आला तो चित्राखालच्या ओळीचा : ‘पिन-अपची राणी, १९२३–२००८’. राणीला नाव नव्हतं? बेटी पेज. भिंतीवर टाचायच्या त्या ‘पिन-अप’ फोटोंची अमेरिकन मॉडेल. एवढंसं नाव लिहायला शाई संपली होती?

पत्रात तू ‘रूपाची देणगी’ म्हणतेस. देणगी कसली, काम होतं ते. नॅशव्हिलच्या गरीब घरातली पोर, १९४४ साली कॉलेजची पदवी घेतलेली. कपाळ मोठं दिसतं, केस पुढे काप, हे तिला १९५० मध्ये जेरी टिब्ज या फोटोग्राफीचा नाद असलेल्या पोलिसाने सुचवलं. फ्लोरिडात बनी येगर या फोटोग्राफर बाईने तिला चित्त्यांशेजारी बसवून फोटो काढले, तेव्हा अंगावरचा ठिपक्यांचा पोशाख बेटीनेच शिवला होता. सांताची टोपी घातलेला जो फोटो समोर ठेवून तू चित्र काढलंस, जानेवारी १९५५ च्या ‘प्लेबॉय’ मासिकातला, तोही येगरचाच. म्हणजे तुझ्या कागदावर दोन बायकांची मेहनत आहे आणि सही एकट्या तुझी. दोघींची नावं लिही.

१९५७ मध्ये तिने काम सोडलं. चेहरा मात्र पोस्टरांवर, कॉमिक्सवर विकला जात राहिला. ती तिकडे मानसिक आजारात होती, इस्पितळात वर्षं काढत होती, आणि त्या विक्रीतली दमडीही कितीतरी वर्षं तिच्या हाती पडली नाही. म्हातारपणी मुलाखती दिल्या, पण चेहरा दाखवला नाही. तिचा तो हट्ट मला फार आवडतो. म्हणून सांगतो, इंटरनेटवर तिचे म्हातारपणचे फोटो शोधत बसू नकोस.

तू म्हणशील, काका एवढ्याशा गोष्टीवरून का चिडलेत. ऐक. चित्रकलेच्या कॉलेजात आमच्यासमोर मॉडेल म्हणून एक बाई बसायच्या. मधल्या सुट्टीनंतर पोझ पुन्हा तशीच जमावी म्हणून आम्ही त्यांच्या पावलांभोवती खडूने खुणा करायचो. सुट्टी झाली की त्या शाल गुंडाळून, मुंग्या आलेला पाय चोळत भाकरी खायच्या, आणि मग बरोब्बर त्या खुणांत पाय ठेवायच्या. संध्याकाळी त्या खुणा ओल्या फडक्याने पुसायच्याही त्याच. त्यांच्या चित्राला मला बक्षीस मिळालं. चित्राचं नाव मी ठेवलं ‘विचारमग्न’. कसला विचार? पाय दुखत होता त्यांचा!

त्या काळी मॉडेलचं नाव कोणीच लिहीत नसे. शिक्षक लिहीत नसत, मग आम्हाला कुठून सुचणार? शिवाय वय काय होतं माझं, एकोणीस. पुढे कॅलेंडरं केली, तिथे तर चित्रकाराचंही नाव छापत नसत. माझं नाव गाळलं की मात्र मी भांडायचो, हेही खरं. तेव्हा ‘त्या काळी’ वगैरे राहू दे.

मागच्या वर्षी तिथल्या निवृत्त शिपायाला गाठलं. विचारलं, त्या बसायच्या त्या बाईंचं नाव काय होतं हो? तो बराच वेळ आठवत राहिला. मग म्हणाला, ‘मावशीच म्हणायचो ना आपण सगळे?’

चित्र परत पाठवतोय. तुझ्या सहीच्या वर चांगली बोटभर जागा आहे. पेन्सिलीने लिहू नकोस.

तुझा,
काका