पहिला मुक्कामी ट्रेक आणि वाटेचा अंदाज

रत्नागिरीतल्या खेडचे रसाळगड-सुमारगड-महिपतगड हे तीन किल्ले एका दमात करायचा तुझा बेत छान आहे, पण पहिल्या खेपेला फक्त रसाळगडच कर. वाट मळलेली आहे आणि झोलाई देवीच्या देवळात मुक्काम होतो. सुमारगडाकडे दाट रान लागतं, ढोरवाटा जागोजागी फुटतात. तिथे गावातला वाटाड्या घेतल्याशिवाय जाऊ नकोस.

दिवाळीच्या सुमारास गवत कमरेएवढं असतं. पायाखालचा दगड दिसत नाही, सापही दिसत नाही. काठीने गवत सारत चाल.

नवखे हमखास फसतात ते वाट पुसट झाल्यावर. ‘पुढे मिळेल’ म्हणत ओढ्याने उतरत राहतात आणि कड्याच्या तोंडाशी अडकतात. शंका आली की थांब. शेवटची खात्रीची खूण होती तिथवर मागे ये. यात कमीपणा नाही, अनुभवी माणसंही हेच करतात.

आणखी थोडं:
- उतारावर सुटा मुरूम असेल तर पाऊल आडवं, छोटं टाक.
- नवे बूट थेट ट्रेकला नकोत, आधी आठवडाभर वापर.
- गडावरच्या टाक्यात पाणी आहे का, हे पायथ्याच्या वाडीत विचार. तरी तीन लिटर सोबत हवंच.
- सूर्य मावळायच्या तासभर आधी देवळात पोच.

दोर, तंबू वगैरे सध्या डोक्यातून काढ. नक्की जमेल तुला.