पैसे गेले असतील तर ऑर्डर रद्द करू नका

आधी उत्तर, मग बाकीचं पुराण: रद्द करू नका.

तुम्ही लिहिलंय की थोडे यूएसडीटी (डॉलरच्या किमतीला बांधलेलं क्रिप्टो कॉइन) घ्यायचे होते. विक्रेत्याने दिलेल्या खात्यावर पैसे पाठवले, 'पेमेंट केलं' हे बटण दाबलं, आणि आता तो म्हणतोय, 'पैसे आलेच नाहीत, बँकेत अडकलेत, तुम्ही ऑर्डर रद्द करा, आले की परत पाठवतो.' शिवाय खातं त्याच्या नावावर नाही, 'मेहुण्याचं आहे' म्हणाला. ही पोस्ट मी तीनदा वाचली, कारण मेहुण्याच्या जागी भाऊ घातला तर ती माझीच आहे. फरक इतकाच की तेव्हा मी रद्दचं बटण दाबून मोकळा झालो होतो. या प्रकारात केलेल्या बाकी सगळ्या चुकांची बेरीज केली तरी त्या एका बटणाएवढी होत नाही, म्हणून जरा लांबण लावतो.

तो विनवणी का करतोय ते बघा. ऑर्डर उघडली की विक्रेत्याचे तेवढे कॉइन एस्क्रोमध्ये (सौदा पुरा होईपर्यंत बाजाराच्या कुलपात) अडकतात आणि टायमर सुरू होतो, साधारण १५ ते ३० मिनिटांचा. तुम्ही 'पेमेंट केलं' दाबलंत की टायमर थांबतो, आणि बहुतेक पी-टू-पी बाजारांत (जिथे माणूस थेट माणसाकडून कॉइन घेतो) तिथून पुढे विक्रेत्याला ऑर्डर रद्द करताच येत नाही. ते बटण फक्त खरेदीदाराकडे उरतं. त्याच्याकडे दोनच रस्ते: कॉइन सोडणं किंवा तुमच्याकडून रद्द करवून घेणं. रद्द झाली की कॉइन त्याच क्षणी त्याच्याकडे परत जातात. बँकेतून तुमचे पैसे गेले की नाही हे एस्क्रोला दिसत नाही, त्याला फक्त बटणं कळतात. म्हणून पैसे खरंच अडकले असतील तरी रद्द करायचं काही कारण नाही. ऑर्डर उघडी राहिल्याने प्रामाणिक विक्रेत्याचं नुकसान होत नाही, त्याचे कॉइन थोडा वेळ अडकून राहतात एवढंच.

याची उलटी बाजूही आहे. पैसे पाठवले आणि 'पेमेंट केलं' दाबायचं राहून गेलं, तर टायमर संपल्यावर ऑर्डर आपोआप रद्द होते आणि परिणाम तोच. नवं खातं जोडल्यावर बऱ्याच बँका पहिले काही तास मर्यादा घालतात किंवा व्यवहार तपासणीसाठी थांबवतात, आणि १५ मिनिटं त्यातच निघून जातात. त्यामुळे घाईच्या टायमरवाली ऑर्डर नवख्या माणसाने घेऊच नये. आणि पैसे न पाठवता 'पेमेंट केलं' दाबून वेळ मिळवायची आयडिया कुणी सुचवली तर ऐकू नका, त्याने तुमचंच खातं बंद होऊ शकतं.

आता तुम्ही करायचं ते. ऑर्डरच्या पानावर अपील किंवा वाद नोंदवायचं बटण असतं, काही ठिकाणी ते ठरावीक वेळ गेल्यावरच दिसतं. तोपर्यंत विक्रेत्याशी फक्त ऑर्डरच्या आतल्या चॅटवर बोला. तो दुसऱ्या मेसेजिंग अ‍ॅपवर बोलावेल. जाऊ नका, तिथलं बोलणं अपील तपासणारा माणूस धरत नाही. पुरावा म्हणून स्क्रीनशॉटवर भिस्त ठेवू नका, स्क्रीनशॉट शेंबडं पोरही बनवतं. बँकेतून उतरवलेलं पीडीएफ स्टेटमेंट, व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, आणि बँकेचं अ‍ॅप उघडून व्यवहाराच्या तपशिलापर्यंत गेल्याचं सलग स्क्रीन रेकॉर्डिंग, या तीन गोष्टी लागतात. रेकॉर्डिंग करताना पासवर्ड टाइप होऊन गेल्यावरच सुरू करा. रक्कम, मिनिटापर्यंत वेळ आणि ज्याला पैसे गेले त्याचं नाव एकाच नजरेत दिसलं पाहिजे.

नावावरून मेहुण्याकडे येऊ. इथे एक प्रश्न तुमच्या पोस्टमधून सुटलाय: खात्याचा तपशील ऑर्डरच्या पानावर आला होता की बाहेरच्या चॅटमध्ये? पानावर किंवा आतल्या चॅटमध्ये आला असेल तर तुमची बाजू बरीच भक्कम आहे. बाहेर दिला असेल तर अवघड आहे, खोटं कशाला बोलू.

वेगळ्या नावाचं खातं म्हणजे नुसता गलथानपणा असेल असं वाटतं, पण त्यामागे एक ठरलेली चाल असते. ठग तुमच्याशी एखाद्या ग्रुपमध्ये भाव ठरवतो, बाजारापेक्षा थोडा स्वस्त. त्याच वेळी तो पी-टू-पी बाजारात खरेदीदार बनून दुसऱ्याच, प्रामाणिक विक्रेत्याची तेवढ्याच रकमेची ऑर्डर उघडतो आणि त्या विक्रेत्याचं खातं तुम्हाला देतो. तुम्ही पैसे पाठवता, ते त्या भल्या माणसाला मिळतात, तो पैसे आले म्हणून कॉइन सोडतो, आणि कॉइन ठगाकडे जातात. तुम्ही तक्रार केली की खातं गोठतं ते त्या विक्रेत्याचं, ज्याने काहीच चूक केलेली नाही. बँकेच्या कागदांवर ठग कुठेच नाही. म्हणूनच चांगले विक्रेते 'पैसे तुमच्याच नावाच्या खात्यातून हवेत' म्हणून हट्ट धरतात. तो हट्ट त्रासदायक वाटला तरी तसाच विक्रेता शोधा, आणि तोच नियम तुम्ही त्याला लावा: ओळख पडताळलेलं नाव आणि खातेदाराचं नाव एकच. जुळत नसेल तर पैसे पाठवण्याआधी ऑर्डर रद्द करायची. रद्द करायची योग्य वेळ तेवढी एकच.

तसंच, बँकेच्या शेऱ्यात 'उसने दिले' किंवा 'भाडं' असं लिहायला सांगणारा विक्रेता सोडून द्या. उद्या वाद झाला तर तुमच्याच हातचा खोटा शेरा तुमच्या विरोधात उभा राहतो.

बँकेच्या तक्रार खिडकीबद्दल दोन शब्द बोललो नाही तर मला झोप लागणार नाही. नाव घेत नाही. 'तुम्ही स्वतःहून पाठवलेत ना? मग फसवणूक कसली?' हे वाक्य मला एकाच इमारतीत तीन टेबलांवर ऐकवलं गेलं. पहिल्या टेबलाने दुसरीकडे पाठवलं, दुसऱ्याने अर्ज लेखी मागितला, तिसऱ्याने लेखी अर्जात 'क्रिप्टो' शब्द वाचला आणि कागद सरकवून परत दिला. दरम्यान समोरच्या खात्यातून पैसे पुढे सरकलेले होते. अशा खात्यांत पैसा फार वेळ थांबत नाही, एक-दोन तासांत पुढच्या खात्यात जातो. त्यामुळे खिडकीवर नंतर जा, आधी बँकेच्या फसवणूक कक्षाच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून क्रमांक घ्या. तक्रारीच्या पहिल्याच ओळीत रक्कम, तारीख, वेळ, संदर्भ क्रमांक, समोरचं खातं, आणि 'ही रक्कम समोरच्या बँकेला कळवून रोखावी' ही मागणी लिहा. कशासाठी पैसे दिले ते पुढच्या परिच्छेदात, खरं तेच लिहा, लपवू नका. पहिल्या ओळीत इतिहास सांगत बसलं की वाचणारा तिथेच थांबतो. सायबर पोलिसांकडची तक्रारही त्याच दिवशी. तक्रार क्रमांक नसेल तर तुम्ही कुणाशी बोललात याला काही अर्थ नाही. (मी वकील नाही, तुमच्याकडे क्रिप्टोचे आणि कराचे नियम काय आहेत ते तुम्ही स्वतः तपासा.)

विक्रेता कसा निवडायचा यावर भरपूर लिहिलेलं सापडतं, त्यामुळे थोडक्यात. नुसता सौद्यांचा आकडा बघू नका, गेल्या ३० दिवसांतले सौदे बघा. दोन वर्षांत हजार सौदे आणि गेल्या महिन्यात शून्य, मग अचानक आजपासून स्वस्त भाव, म्हणजे खातं विकत घेतलेलं किंवा चोरलेलं असण्याची शक्यता मोठी. कॉइन सोडायला सरासरी किती मिनिटं लावतो ते बघा. 'आधी छोटा सौदा करून बघा' हा सल्ला सगळे देतात, माझं मत वेगळं आहे: छोट्या सौद्यात खातं, नेटवर्क (कॉइन ज्या ब्लॉकचेनवरून येतात ती) आणि पत्ता बरोबर आहेत का एवढंच कळतं, माणूस कळत नाही. ठग पहिले दोन सौदे चोख करतो, तो त्याचा धंद्यातला खर्च असतो. एस्क्रोशिवाय दहावा सौदासुद्धा नको.

एस्क्रोही दोन तऱ्हेचे. बहुतेक ठिकाणी कॉइन कंपनीच्या ताब्यात असतात. होडल होडलसारख्या ठिकाणी तीनपैकी दोन चाव्या लागतात, त्यामुळे एकट्या कंपनीला कॉइन हलवता येत नाहीत. रोबोसॅट्समध्ये लायटनिंगवर (बिटकॉइन झटपट आणि कमी फीत पाठवायचं वरचं जाळं) दोन्ही बाजूंना जामीन रक्कम अडकवावी लागते. नवख्याला हे किचकट वाटेल, पण माहीत असू द्या. आणि जुने लेख वाचून बाजार निवडू नका. लोकलबिटकॉइन्स २०२३ मध्ये बंद झालं, लोकलमोनेरोने २०२४ मध्ये गाशा गुंडाळला. त्या नावाची साइट आज 'चालू' दिसली तर ती नक्कल समजा.

कॉइन मिळताना होणारे घोळ वेगळेच. यूएसडीटी हे नाव कुणीही आपल्या टोकनला देऊ शकतो. वॉलेटमध्ये आकडा दिसला म्हणजे माल आला असं नाही, टोकनच्या कॉन्ट्रॅक्टचा पत्ता टेदरच्या (यूएसडीटी काढणारी कंपनी) अधिकृत साइटवरच्या पत्त्याशी अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. यूएसडीटी वेगवेगळ्या नेटवर्कवर मिळतात: ट्रॉनचा पत्ता टी अक्षराने सुरू होतो आणि ३४ अक्षरांचा असतो, इथेरियमचा शून्य-एक्सने सुरू होतो आणि ४२ चा. ट्रॉनवर यूएसडीटी घेतलेत आणि जवळ टीआरएक्स (ट्रॉनचं स्वतःचं कॉइन) नसेल तर ते पुढे पाठवताना अडकाल, फी टीआरएक्समध्येच जाते. बिटकॉइन घेत असाल तर 'पाठवले' म्हणून दाखवलेला व्यवहार क्रमांक पुरेसा नाही. ब्लॉकमध्ये न गेलेला व्यवहार जास्त फी देऊन बदलता येतो, अगदी स्वतःकडे परत वळवता येतो. थोड्या रकमेला एक कन्फर्मेशन (व्यवहार एका ब्लॉकमध्ये गेला) बास, सरासरी १० मिनिटं, पण तासभर लागला तर घाबरू नका.

पत्ता जुन्या व्यवहारांच्या यादीतून कधीच कॉपी करू नका. पहिली-शेवटची चार अक्षरं सारखी असलेला नकली पत्ता त्या यादीत घुसवतात. २०२४ च्या मे महिन्यात असल्याच पत्त्यामुळे एकाचे १,१५५ रॅप्ड बिटकॉइन (इथेरियमवर चालणारं बिटकॉइनचं रूप) भलतीकडे गेले होते (त्याला बरेचसे परत मिळाले, तुम्हाला मिळतील या भरवशावर राहू नका). मधली सहा-आठ अक्षरंही वाचा. आणि विक्रेता 'वॉलेट मीच बनवून देतो' म्हणाला तर नमस्कार करून निघा, वॉलेटची चावी असलेले १२ शब्द ज्याने बनवले त्याचंच ते वॉलेट.

शेवटी तुम्ही विचारलंय की घेतलेले कॉइन बाजारातच ठेवू की दर वेळी वॉलेटवर काढू. यूएसडीटीसाठी काढायची फी बघून ठरवा, ती रकमेच्या टक्क्यात नसते, ठरावीक असते, म्हणून लहान खरेदीला जास्त बोचते. बिटकॉइनचं गणित असं: साध्या सेगविट (आजच्या नेहमीच्या पत्त्यांच्या) व्यवहाराचा आकार साधारण १४० व्हर्च्युअल बाइट, आणि फी या आकारावर लागते. दर बाइटमागे २० सातोशी (बिटकॉइनचा दहा कोटीवा भाग) असेल तर २,८०० सातोशी गेले. समजा तुम्ही घेतले होते २०,००० सातोशी, म्हणजे १४ टक्के फीतच. शिवाय दर वेळी काढलेले कॉइन वॉलेटमध्ये वेगळा तुकडा म्हणून राहतात, आणि असे दहा तुकडे साठले की ते एकत्र खर्चताना प्रत्येक तुकड्याचे ६८ बाइट, म्हणजे सगळे मिळून ७२० च्या आसपास, आणि त्याच दराने १४,००० हून जास्त सातोशी पुन्हा. दर १-२ सातोशीवर आलेला असतो तेव्हा हाच खर्च किरकोळ होतो. म्हणून मी म्हणेन, ३-४ खरेद्या होऊ द्या, मेमपूल (ब्लॉकमध्ये जायला थांबलेल्या व्यवहारांची रांग) रिकामा दिसला की एकदम काढा. मात्र महिनोन् महिने बाजारात ठेवू नका. लायटनिंग जमत असेल तर हा प्रश्न बराचसा मिटतो.

ता. क. अपील केल्यावर तो गोड बोलून 'सोडले कॉइन, आता अपील मागे घ्या' म्हणेल. चॅटमध्ये 'सपोर्ट' नावाचा कुणीतरी येऊनही हेच सांगेल. आधी तुमच्या खात्यातला बॅलन्स उघडून बघा, ऑर्डरवर 'पूर्ण' दिसतंय का ते बघा, मगच.