लीड्स घ्यायच्या तर कुठल्या? : वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

प्रश्न : नमस्कार ताई, मी मूळचा सांगलीचा, सध्या डॅलसजवळ असतो, ग्रीन कार्ड आहे. मागच्या वर्षी आयटीतली नोकरी गेली, तेव्हा मित्राच्या नादाने लाइफ इन्शुरन्सचं लायसन्स काढलं आणि फायनल एक्स्पेन्स विकायला लागलो. आतापर्यंत फेसबुकवरच्या ६० लीड्स (म्हणजे जाहिरात बघून फॉर्म भरणाऱ्यांची नावं-नंबर) विकत घेतल्या, १५ डॉलरला एक, म्हणजे ९०० डॉलर गेले आणि पॉलिसी झाली फक्त एक. बायको म्हणते बंद करा हे. आता एक जण ३ डॉलरला एक अशा लीड्स देतोय, आणि एक एजन्सी म्हणतेय लीड्स फुकट देतो पण कमिशन अर्धं. काय करू?

उत्तर : आधी बाकीच्या वाचकांसाठी दोन ओळी, कारण पुण्यात बसून वाचणाऱ्याला हा प्रकार माहीत असायचं कारण नाही. फायनल एक्स्पेन्स म्हणजे ५ ते २५ हजार डॉलरची छोटी, आयुष्यभर चालणारी पॉलिसी, साधारण पन्नाशी ते पंच्याऐंशीच्या लोकांसाठी. मेडिकल तपासणी नसते, तब्येतीचे प्रश्न विचारतात तेवढंच. घेतात कशाला, तर अमेरिकेत मरणंही महाग आहे. इथल्या फ्युनरल डायरेक्टर्सच्या राष्ट्रीय संघटनेच्या २०२३ च्या आकड्यांप्रमाणे अंत्यदर्शन ठेवून दफन केलं तर मधला खर्च ८,३०० डॉलर, दहन केलं तर ६,२८०. आणि सोशल सिक्युरिटी, म्हणजे इथली सरकारी पेन्शन, मेल्यावर एकरकमी देते किती, तर २५५ डॉलर. तेही नवरा किंवा बायको मागे असेल तर, नाहीतर पात्र मुलांना. या दोन आकड्यांच्या मधल्या खड्ड्यावर आमचा अख्खा धंदा उभा आहे.

आता तुमचं. ३ डॉलरवाल्या लीड्स म्हणजे बहुतेक एज्ड लीड्स, सहा महिन्यांपूर्वी कोणीतरी फॉर्म भरला, तेव्हा चार एजंटना विकला, आता तुमच्या गळ्यात. त्या वाईट असतात असं मी म्हणत नाही, फोनवर बोलायची भीती घालवायला मी स्वतः पहिल्या वर्षी शेकड्याने घेतल्या होत्या. पण नंबर बंद, माणूस म्हणतो मी असलं काही भरलंच नाही, एखादी तर वारलेलीच निघते आणि फोन तिची मुलगी उचलते. तुमचा दिवस त्यात जातो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

मुळात तुम्ही लीडची किंमत बघताय, तिथेच चुकतंय. बघायची ती टिकलेल्या पॉलिसीची किंमत. हिशोब मांडून दाखवते, वही घ्या. समजा पोस्टाने पाठवलेली कार्डं भरून परत धाडणाऱ्यांच्या २० लीड्स घेतल्या, ४० डॉलरला एक, म्हणजे ८०० गेले. त्यातले सहा-सात जण समोर बसतात आणि तीन पॉलिसी होतात असं धरू (नवीन माणसाला तीन म्हणजे बरं चाललंय). हप्ता महिन्याला ५५, वर्षाचे ६६०, कमिशन पहिल्या वर्षाच्या हप्त्यांच्या शंभर टक्के, कंपनी नऊ महिन्यांचं ॲडव्हान्स देते म्हणजे एका पॉलिसीचे ४९५. तिन्हीचे १,४८५, लीड्सचे वजा जाता हातात ६८५. छान वाटतंय ना? आता त्यातली एक तीन महिन्यांनी लॅप्स झाली, म्हणजे हप्ता न गेल्याने बंद पडली, कारण घेणाऱ्या आजींच्या खात्यात पैसेच नव्हते. मग कंपनी सहा महिन्यांचं कमिशन परत घेते, ३३० चा चार्जबॅक, राहिले ३५५. त्यातून पेट्रोल.

आता तेच गणित फुकट लीड्सचं. कमिशन पन्नास टक्के धरलं तर तीन पॉलिसींचे ७४२, लीड्सचा खर्च शून्य, एक लॅप्स झाली तर १६५ जातात, राहतात ५७७. बघा म्हणजे! सगळे जुने एजंट नाकं मुरडतात पण नवीन माणसाला, ज्याला वीस लीड्समागे तीनच विकता येतायत, अर्धं कमिशन खरं म्हणजे परवडतं. वीसात सहा विकायला लागलात की उलटं होतं. म्हणून मी ही वाट अगदीच बंद करू नका म्हणेन, पण सही करायच्या आधी तीन गोष्टी लेखी मागा : लीड्स ताज्या की दुसऱ्याने टाकून दिलेल्या, सोडून जायचं असेल तर ते रिलीज (दुसऱ्या एजन्सीकडे जायची लेखी मोकळीक) देतात का, आणि तुम्ही लिहिलेल्या पॉलिसींचं पुढच्या वर्षांचं रिन्यूअल कमिशन तुमच्याकडे राहतं का. यातल्या एकावर जरी ‘नंतर बोलू’ म्हणाले तर तिथून निघा. आणि ‘लीड्स आत्ता घे, पैसे कमिशनमधून कापून घेऊ’ ही स्कीम असेल तर हात जोडून नाही म्हणा, ते फुकट नाही, कर्ज आहे.

फेसबुकच्या ६० त एक का झाली? दोन शक्यता. एक, तुम्ही फोन उशिरा केलात. फेसबुकची लीड गरमागरम भज्यासारखी असते, दहा मिनिटांत खाल्ली तर ठीक, संध्याकाळपर्यंत त्या माणसाला आठवतही नाही की त्याने काय दाबलं होतं. दोन, जाहिरातच खोटी होती. लीड्स विकणाऱ्या वेंडरला विचारा, ज्या जाहिरातीवर हे लोक आले ती मला दाखव. ‘सरकारची नवीन योजना’, ‘तुमच्या राज्याने मंजूर केलेला लाभ’ असलं काही असेल तर पैसे परत मागा, कारण ते लोक इन्शुरन्स घ्यायला आलेलेच नाहीत.

मला हे शिकवलं एका आजींनी. जॉर्जियात, गावाबाहेर, मोबाइल होममध्ये राहायच्या. मी बेल वाजवली तर त्या हातात कागद घेऊनच दारात आल्या, मला वाटलं वा, तयारच आहेत. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसवलं, गोड चहा दिला, आणि विचारलं, माझ्या नवऱ्याचे ते २५५ डॉलर आणलेस का? मी ज्या वेंडरकडून घेतलं होतं त्याच्या कार्डावर ते २५५ एवढ्या मोठ्या अक्षरात छापलं होतं की बाईंना वाटलं मी सोशल सिक्युरिटीकडून आलेय. पेन्सिलीने किती नीट अक्षरात नाव लिहिलं होतं त्यांनी त्या कार्डावर. मी त्यांना सोशल सिक्युरिटीचा फॉर्म भरून द्यायला मदत केली, विकलं काहीच नाही आणि त्या वेंडरकडून परत एकही कार्ड घेतलं नाही.

लॅप्स थांबवायची एक युक्ती मात्र फुकट देते. सोशल सिक्युरिटीचे पैसे बहुतेकांना बुधवारी येतात, वाढदिवस १ ते १० तारखेत असेल तर दुसऱ्या बुधवारी, ११ ते २० असेल तर तिसऱ्या, त्यापुढे चौथ्या. १९९७ च्या मे महिन्याच्या आधीपासून घेणाऱ्यांना ३ तारखेला. बँकेतून हप्ता कापायचा दिवस त्याच दिवशी लावा. महिन्याच्या १ तारखेला लावाल तर खातं रिकामं असतं आणि पॉलिसी गेलीच समजा.

आणि टेक्सासबाहेरच्या लीड्स स्वस्त मिळतायत म्हणून उचलू नका, ज्या राज्यातला माणूस त्या राज्याचं लायसन्स हवं.

प्रश्न : लीड विकत घेतली म्हणजे फोन करायची परवानगी मिळालीच ना? माणसाने स्वतः फॉर्म भरलाय. – न्यू जर्सीहून एक एजंट

उत्तर : नाही, एवढं सोपं नाही. विक्रीच्या फोन कॉलवर बंधनं घालणारा १९९१ चा टीसीपीए कायदा आहे, त्यात बेकायदा कॉलमागे ५०० डॉलर भरपाई, मुद्दाम केला असं ठरलं तर १,५०० पर्यंत. आणि ‘वेंडरने सांगितलं होतं परवानगी आहे’ म्हणून तुम्ही सुटालच असं नाही. फोन सकाळी ८ ते रात्री ९, त्या माणसाच्या घड्याळाने, फ्लोरिडात तर रात्री ८ लाच थांबायचं. डू नॉट कॉल, म्हणजे ‘मला विक्रीचे फोन नकोत’ म्हणून नोंदवलेल्या नंबरांच्या सरकारी यादीशी आपली यादी दर ३१ दिवसांनी ताडून बघायची. त्या यादीतले पहिले पाच एरिया कोड फुकट मिळतात, तेवढेही लोक करत नाहीत! २०२५ च्या जानेवारीत एका परवानगीवर एकच कंपनी असा नियम लागू होणार होता, तो कोर्टाने ऐनवेळी रद्द केला, तेव्हापासून काही वेंडर असं वागतायत की जणू सगळंच माफ झालंय. माफ झालेलं नाही. फॉर्म कुठल्या पानावर, किती वाजता भरला आणि खाली परवानगीचं वाक्य काय होतं याचा पुरावा प्रत्येक लीडबरोबर मागा, ट्रस्टेडफॉर्मसारखं सर्टिफिकेट असतं. नसेल तर ती लीड नव्हे, नुसता फोन नंबर आहे.

प्रश्न : आपल्या मराठी मंडळाची सभासद यादी माझ्याकडे आहे, त्यातल्या ज्येष्ठांना फोन केले तर? लीडचे पैसे वाचतील.

उत्तर : ती यादी तुमच्याकडे गणपतीच्या जेवणाचे कूपन वाटायला आली होती ना? मग त्यासाठीच वापरा. मंडळाला विचारून एका रविवारी अर्धा तास मागा, इथे अंत्यसंस्काराला किती खर्च येतो, फ्युनरल होमने दरपत्रक द्यायलाच हवं हा १९८४ पासूनचा नियम काय आहे, हे मराठीत सांगा. ज्याला हवं तो स्वतः नंबर लिहून देईल. आणि ज्या काका-काकूंच्या मुलांनी सगळी सोय करून ठेवलीय त्यांना पॉलिसी विकूच नका, अंत्यदर्शनाशिवाय साधं दहन वरच्या आकड्यांपेक्षा बऱ्याच कमी पैशांत होतं, त्यांना तेवढंच सांगा. पुढच्या गणपतीत पंगतीला त्यांच्याच शेजारी बसायचंय तुम्हाला.