मणक्याच्या ऑपरेशननंतर नवव्या दिवशी हिरव्या उलट्या होतायत, हे औषधांमुळे असेल का?

तुम्ही लिहिलंय की भाच्याचा वाकलेला कणा सरळ केला, सहाव्या दिवशी तो नीट जेवतही होता, आणि आता दोन घासांत पोट तट्ट फुगून हिरवी उलटी होते. घरचे म्हणतात औषधं गरम पडली. आम्हीही लेकीच्या वेळी हेच म्हणत चार दिवस पित्ताच्या गोळ्यांत घालवले. तुम्ही घालवू नका. आजच सर्जनला फोन करा, आणि ते सांगेपर्यंत तोंडाने काही देऊ नका.

हिरवा रंग पित्ताचा. म्हणजे पित्त आतड्यात उतरतं त्याच्याही पुढे कुठेतरी वाट अडलेली असू शकते. तिथे लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग दोन रक्तवाहिन्यांच्या बेचक्यातून आडवा जातो. मागे महाधमनी, पुढे तिच्यातूनच फुटून आतड्यांना रक्त नेणारी धमनी. मध्ये चरबीची गादी असते, म्हणून एरवी काही होत नाही. पण कणा सरळ झाला की धमनी ताणली जाते आणि बेचकं मिटत येतं. त्यात पोर मुळात काटकुळं, ऑपरेशननंतर आणखी वाळलेलं, की गादीही जाते. हा कोन साधारण ३८ ते ६५ अंश असतो. लेकीच्या सीटी स्कॅनमध्ये १४ निघाला. नाव एसएमए सिंड्रोम; एसएमए म्हणजे सुपिरिअर मेसेंटेरिक आर्टरी, हीच पुढची धमनी. पूर्वी अंगभर प्लास्टर घातलेल्यांना व्हायचा म्हणून कास्ट सिंड्रोमही म्हणत. एडिंबराच्या विल्की नावाच्या सर्जनने १९२७ मध्ये ७५ रुग्णांवर लिहून ठेवलंय, पण लेकीच्या वॉर्डातल्या पहिल्या डॉक्टरला हा आजार आठवलाच नाही.

लेकीच्या नाकातून नळी घातली तेव्हा पिशवीत दीड लिटर हिरवं पाणी आलं. पोटॅशियम घसरलं होतं, ते सलाईनमधून भरलं. मग एक बारीक नळी अडथळ्याच्या पुढे नेऊन पंपाने थेंब थेंब फीड, बारा दिवस. वजन दोन किलो वाढलं आणि वाट मोकळी झाली. बहुतेकांचं असंच निभावतं. नाही निभावलं तर आतड्याला बायपास करतात.

डाव्या कुशीवर किंवा पालथं झोपल्यावर बरं वाटतं का, ते बघा. मात्र पाठीत स्क्रू आहेत, तेव्हा सर्जनला विचारूनच वळवा. आणि उलटी मोजून वहीत लिहा. आम्ही स्टीलच्या वाटीने मोजायचो. सीटी करायला डॉक्टर तयार झाले ते ती वही बघून.