वाचकांचे प्रश्न : चार दिवसांत समुद्र, रंगीत पानं न् हरणं, जमंल का?

प्रश्न : मुलगा बोस्टनला असतो, मी आणि सौ. ऑक्टोबरात पहिल्यांदाच चाललोय. जन्म सगळा जळगावात गेला, समुद्र म्हणजे दोनदा गणपतीपुळे आणि एकदा सुरतजवळचं डुमस, बस. मुलाला सुट्टी चारच दिवस आहे. समुद्र, ती फोटोत दिसतात तशी लाल-पिवळी झाडं आणि जमलं तर जनावरं, हे सगळं एका ठिकाणी दिसेल का? सौ.चे गुडघे दुखतात, दोघंही शाकाहारी आहोत. (निवृत्त शिक्षक, जळगाव)

उत्तर : सर, दिसेल. मेन राज्यात अकेडिया नॅशनल पार्क आहे तिथं जा, बोस्टनहून गाडीनं पाच-साडेपाच तास, म्हणजे जाण्यायेण्यात दीड-दोन दिवस गेले असंच धरा आणि बाकीचे दोन दिवस कुठंही न पळता तिथंच काढा. मुलगा म्हणेल बाबा अजून दोन राज्यं करू, त्याला नाही म्हणा. पानांचा रंग तिथं साधारण ऑक्टोबरच्या मधल्या आठवड्यात भरात असतो, पण पाऊस-वाऱ्यावर चारपाच दिवस मागंपुढं होतं, त्याला इलाज नाही.

आता मी केलेली चूक सांगतो म्हणजे तुम्ही करणार नाही. तिथं थंडर होल म्हणून कातळातली एक चीर आहे, लाट आत घुसली की ढगफुटीसारखा आवाज होतो असं ऐकून मी मोठ्या हौसेनं गेलो, आणि अर्धा तास कठड्याला धरून उभा राहिलो तर खाली पाणी नुसतं गुळगुळ करत होतं, आपल्याकडं हंडा भरताना होतं तेवढंच. कारण काय तर ओहोटी. तिथं जायचं ते भरतीच्या एकदोन तास आधी, हे मला नंतर कळलं. आपण हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की तापी चढते हे बघत मोठे झालो, पण दिवसातून दोनदा, पाऊस नाही पाणी नाही, समुद्र दहा-बारा फूट चढतो न् उतरतो हे डोक्यात बसायला वेळ लागतो भो. आणि वेळ रोज पाऊणएक तास पुढं सरकते. म्हणून हॉटेल बुक करायच्या आधी त्या दिवसांचं भरती-ओहोटीचं टाइमटेबल मोबाईलमध्ये घ्या, बाकी सगळं त्याच्याभोवती बसवा. पानं दिवसभर झाडावरच असतात, समुद्र थांबत नाही.

ओहोटीचाही उपयोग आहे. बार हार्बर हे मुक्कामाचं गाव, त्याच्यासमोर एक छोटं बेट आहे आणि ओहोटीच्या आधी दीड तास ते नंतर दीड तास मधली वाळू-गोट्यांची वाट उघडी पडते, माणसं चालत पलीकडं जातात. सौ. अर्ध्यापर्यंत गेल्या तरी चालेल, पायाखाली शिंपले करकर वाजतात, खडकाला समुद्री शेवाळ लटकलेलं असतं, त्याच्यावर पाय ठेवू नका, लई निसरडं असतं. आणि गाडी त्या वाटेवर अजिबात नको, उशीर झालेल्यांच्या गाड्या पाण्यात गेलेल्या आहेत.

गुडघ्यांचं म्हणाल तर काळजी नको. पार्कमधून २७ मैलांचा लूप रोड आहे, बराचसा एकेरी, जागोजागी गाडी थांबवता येते. कॅडिलॅक डोंगरावर तर (१५३० फूट, उंची ऐकून हसू नका, आपलं तोरणमाळ याच्या दुपटीहून जास्त भरेल, पण हा थेट समुद्रातून वर आलाय) गाडी माथ्यापर्यंत जाते. ७ ऑक्टोबर ते ६ मार्च या काळात अमेरिकेत पहिला सूर्य इथं दिसतो म्हणतात, त्यामुळं पहाटे गर्दी. माथ्यावर गाडी न्यायला वेगळं बुकिंग लागतं, ६ डॉलर, काही जागा ९० दिवस आधी उघडतात आणि बऱ्याचशा दोनच दिवस आधी तिथल्या सकाळी दहाला, म्हणजे आपल्याकडचे संध्याकाळचे साडेसात. हे मुलाला आत्ताच सांगून ठेवा. पार्कची एंट्री याच्याशिवाय, आणि २०२६ पासून परदेशी पाहुण्यांना माणशी १०० डॉलर जास्तीचे लावलेत, ते बजेटमध्ये धरा. स्वेटर, कानटोपी दोन्ही घ्या, माथ्यावर पहाटे वारा असा असतो की जळगावच्या ऑक्टोबर हीटची आठवण येते, प्रेमानं.

खायचं म्हणाल तर जॉर्डन पाँडच्या काठी पॉपओव्हर नावाचा फुगलेला पाव फार फेमस आहे, सगळे खा खा म्हणतील, त्यात अंडं असतं हे आधी सांगतो. शेव-चिवडा बॅगेत असू द्या.

एक गोष्ट मात्र सौ.ना नक्की सांगा. ते रंग बरेचसे एका वणव्यामुळं आहेत. हा पार्क आणि बार हार्बर ज्या मोठ्या बेटावर आहेत, त्या माउंट डेझर्ट बेटावर १९४७ च्या ऑक्टोबरात १७ हजार एकरांवर जळालं, आधी तिथं जास्त करून सदाहरित सूचीपर्णी झाडं होती, जळालेल्या जागी बर्च, अ‍ॅस्पेन अशी पान गाळणारी झाडं उगवली, आणि आज लोक तेच पिवळं रान बघायला जगभरातून येतात.

प्रश्न : तिकडं व्हेल आणि ते मोठे शिंगवाले मूस दिसतात का? पोरांनी यादी दिलीय. (अमळनेरच्या एक ताई)

उत्तर : ताई, मूस अकेडियाच्या बेटावर क्वचितच, त्यासाठी मेनच्या आतल्या जंगलाकडं जावं लागतं, नाद सोडा. व्हेलच्या बोटी ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, कधी थोडं पुढंही जातात, हंपबॅक न् फिनबॅक दिसू शकतात, पण समुद्र तेव्हा खवळलेला असतो, उलटीची गोळी बोटीत चढायच्या आधी घ्यायची, चढल्यावर नाही. पफिन पक्षी ऑगस्टमध्येच निघून जातात, ते यादीतून काढा. हरणं संध्याकाळी रस्त्याकडेला, सील खडकांवर, आणि कॅडिलॅकवरून दक्षिणेला निघालेले ससाणे-शिकरे मोजणारे लोक दुर्बीण घेऊन बसलेले असतात, त्यांच्या शेजारी जाऊन उभं राहा, ते मायेनं दाखवतात.

प्रश्न : आपल्या सातपुड्यातला साग पण पानं गाळतो, मग तो लाल का होत नाही? (बारावी सायन्स, शहादा)

उत्तर : भारी प्रश्न. तिकडं दिवस लहान झाला, रात्री थंड पडल्या की पानातलं हरितद्रव्य मोडतं, खाली दडलेला पिवळा दिसायला लागतो, आणि मेपलसारखी झाडं वरून नवा लाल रंग, अँथोसायनिन, तयार करतात. दिवसा ऊन न् रात्री गारठा असेल तर तो जास्त चढतो. आपला साग थंडीपेक्षा पाणी तुटलं म्हणून पान टाकतो, तेही थंडी सरत आल्यावर, पिवळट-तपकिरी होऊन. आपल्याकडं लाल रंग उलट्या टोकाला येतो, कुसुंबाची नवी पालवी मार्चच्या सुमारास अशी लालभडक फुटते की लांबून फुलंच वाटतात, आणि त्याच्याच आगेमागे पळस. रावेरकडून पालला जाताना बघ, सकाळी लवकर निघ, अकरानंतर तो रस्ता तापतो.