जोडीदाराची मोठी जखम आणि आपली रात्रपाळी

या खेपेस आलेली बहुतेक पत्रं नवराबायकोंचीच आहेत. आपलं माणूस मोठी जखम घेऊन दवाखान्यात पडलंय आणि शेजारच्या बाकावर बसून नेमकं काय करायचं, हे कुणी सांगत नाही.

प्रश्न : दुचाकीवरून पडून ह्यांच्या नडगीचं हाड बाहेर आलं. पायाला बाहेरून सळया बसवल्यात, जखमेला मशीन लावलंय. ते रात्रभर गुरगुरतं, मधेच वाजतं. मी डोळा मिटायला घाबरते. (सातारा)

जखमेत स्पंज, त्यावर चिकट पारदर्शक पट्टी, पट्टीतून नळी आणि नळीच्या टोकाला डबा, एवढाच त्या मशीनचा पसारा. ते आतला पाझर ओढून घेतं आणि जखमेच्या कडा जवळ आणतं. ओढण्याचा दाब साधारण उणे १२५ (मिमी पारा) ठेवतात. आकडा तुम्ही बदलायचा नाही.

तुम्ही स्पंज बघा. मशीन नीट चालू असेल तर तो मनुक्यासारखा आक्रसलेला आणि कडक दिसतो. फुगून मऊ झाला असेल तर कुठून तरी हवा शिरतेय. बहुतेक वेळा सळईच्या बुडाशी किंवा घोट्याच्या वळकटीत पट्टी सुटलेली असते. सिस्टरना बोलवा, त्या वरून नवी पट्टी लावतील.

घोटाळा होतो तो एक्स-रेला नेताना. मशीन बंद करतात, परत आल्यावर चालू करायचं राहून जातं. दिवसभरात मिळून दोन तासांहून जास्त वेळ ते बंद राहिलं तर स्पंज काढून साधं ड्रेसिंग करावं लागतं, कारण बंद पट्टीखाली पाझर साचतो आणि जंतूंचं फावतं. म्हणून बंद केल्याची वेळ कागदावर लिहून ठेवा. नळीत अचानक लालभडक रक्त दिसलं तर मात्र थांबू नका. मशीन बंद, जखमेवर हाताचा दाब आणि सिस्टरना हाक.

स्पंज ४८ ते ७२ तासांनी बदलतात. वेळ आदल्या दिवशीच विचारा आणि वेदनेची गोळी अर्धा-पाऊण तास आधी मिळेल असं बघा. गोळी ड्रेसिंगच्या ट्रॉलीबरोबर आली तर तिचा उपयोग ड्रेसिंग संपल्यावर होतो. पायाची बोटं अधूनमधून हाताने चाचपा. ती गार, निळसर पडली, बधिर झाली किंवा बोट जरा ओढताच पोटरीत असह्य कळ आली, तर डॉक्टरांना लगेच, मध्यरात्र असली तरी, उठवायचं.

मशीन वाजलं की तुम्हाला जाग येणारच, त्यामुळे मधल्या वेळात खुशाल झोपा.

प्रश्न : बायकोला मधुमेह आहे. पाय सडला म्हणून दोन बोटं काढली. आई म्हणते भात, डाळ, आंबट काही नको, जखमेत पू होईल. ती नुसती पेज पितेय. (नाशिक)

पू जंतूंमुळे होतो, भातामुळे नाही. पेजेवर ठेवलेल्या माणसाची जखम महिनोन्‌महिने भरत नाही, कारण नवं मांस बनायला प्रथिनं लागतात. मोठ्या जखमेत वजनाच्या दर किलोमागे दिवसाला सव्वा ते दीड ग्रॅम धरतात. ६० किलोच्या बाईला ७५ ते ९० ग्रॅम.

घरच्या डब्यात ते असं बसतं : दोन अंडी (१२), दोन वाट्या घट्ट वरण (सुमारे १४), १०० ग्रॅम पनीर (१८), दोन कप दूध (१३), मूठभर शेंगदाणे (७-८), तीन पोळ्या (९). झाले पंच्याहत्तरच्या आसपास. अंडं चालत नसेल तर मूग-मटकीची उसळ आणि दही वाढवा. चालत असेल तर चिकन उत्तम, फक्त तेलाचा तवंग नको. वर पेरू किंवा आवळा. मूत्रपिंड कमजोर असेल तर मात्र हा हिशेब डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका.

दवाखान्यात साखर बहुधा १४० ते १८० मध्ये ठेवायचा प्रयत्न असतो. इन्सुलिन दिल्यावर डबा उशिरा आला तर साखर कोसळते. घाम, थरथर, असंबद्ध बोलणं दिसलं की सिस्टरना सांगा. डबा आणणाऱ्याला वेळ पाळायला लावा, ते औषधाइतकंच महत्त्वाचं.

आणि खाण्याहूनही मोठी गोष्ट पायावरच्या भाराची. 'संडासपर्यंत पाचच पावलं' असं म्हणत रोज चाललेली पावलं आठवड्याचं भरणं उसवतात. मधुमेहात पाय बधिर असतो, दुखत नाही म्हणून रुग्णाला कळतही नाही. व्हीलचेअर नाही तर कमोडची खुर्ची मागा.

प्रश्न : यजमान ७२ वर्षांचे. मांडीच्या मोठ्या ऑपरेशननंतर अतिदक्षता विभागात आहेत. संध्याकाळ झाली की बरळतात, मला ओळखत नाहीत. डोक्यावर परिणाम झालाय का? (डोंबिवली)

वयस्क माणसांत हा भ्रम वारंवार दिसतो आणि बहुधा उतरतो. जंतुसंसर्ग, झोपेची औषधं, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठता, कुठलंही कारण असू शकतं. म्हणून 'कालपर्यंत असे नव्हते' हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. चष्मा, कवळी, कानाचं यंत्र घरून आणा. वाद घालू नका. वार, वेळ, जागा शांतपणे सांगत राहा.

दर दोन तासांनी कूस बदलली जातेय ना, तेही बघा. टाचा अधांतरी राहतील अशी उशी पोटरीखाली ठेवून हवी. माकडहाडावर लाली दिसली आणि बोटाने दाबून ती पांढरी होत नसेल, तर बेडसोरची, म्हणजे एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमेची, सुरुवात आहे. तिथे चोळायचं नाही. हवेची गादी आहे म्हणून कूस बदलणं टाळायचं नाही.

प्रश्न : ते माझ्यावरच ओरडतात, पाहुण्यांशी गोड बोलतात. मी बाथरूममध्ये जाऊन रडते. खर्चाचंही कळत नाही. (लातूर)

राग सगळ्यात जवळच्या माणसावर निघतो हे खरं, पण म्हणून तो गिळत बसू नका. वेदना कमी असते तेव्हा, म्हणजे गोळीनंतर तासाभराने, एकच वाक्य सांगा : 'दुखतंय ते मला सांगा, ओरडू नका.' आणि चिडचिड वेदनेमुळे होतेय का ते विचारा; गोळीची वेळ बदलून पुष्कळदा फरक पडतो.

सलग दोन रात्रींहून जास्त तुम्ही थांबायचं नाही. तिसरी रात्र दीर, भाऊ, भाचा, नाहीतर पैसे देऊन मावशी. पाहुण्यांना खुशाली सांगायला एकाच माणसाला नेमा आणि भेटायला येणाऱ्याच्या हाती डबा किंवा धुणं द्या. स्वतःच्या बीपीच्या गोळ्या पर्समध्ये ठेवा. त्या घरी राहतात आणि मग दुसरा रुग्ण तयार होतो. फारच कोंडल्यासारखं झालं तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा मोफत क्रमांक आहे, मराठीतही बोलतात.

खर्चासाठी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे सरकारी योजनेच्या मदतनिसाला, गाठा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार होतात, दवाखाना योजनेत असला तर. रेशनकार्ड आणि आधार आजच मागवून घ्या. धर्मादाय रुग्णालय असेल तर १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत असतात. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागतो.

प्रश्न : पुढच्या आठवड्यात घरी सोडणार. मला जखम बघवत नाही. ड्रेसिंग मीच करायचं का? (कोल्हापूर)

नाही. दिवसाआड सिस्टर घरी येतील किंवा तुम्ही जवळच्या दवाखान्यात न्या. पट्टी चिकटली तर ओढू नये, सलाइनने भिजवून सोडवावी, एवढं माहीत असू द्या. दर ड्रेसिंगला जखमेचा एक फोटो मात्र काढा, त्याच अंतरावरून, त्याच उजेडात. तोही बघवत नसेल तर मुलाला काढू दे. लाली पसरतेय, वास वाढलाय, पाझर हिरवट झालाय, ताप १००.४ च्या वर गेलाय, तर त्याच दिवशी दाखवा. थंडी वाजून हुडहुडी, धाप, गुंगी किंवा लघवी अगदी कमी होणं, यातलं काही दिसलं तर ओपीडीची वाट न बघता थेट तातडीच्या विभागात.