चिऊ, मी फोटो काढत होतो

चिऊ,

रविवारी तू विचारलंस आणि मी "बाहेर बर्फ साचलाय, काढून येतो" म्हणून फोन ठेवला. मग पुन्हा केलाच नाही. फोनवर मी घाईघाईने काहीतरी सांगून मोकळा झालो असतो. हे तसं उरकायचं नाही, म्हणून लिहितोय. मराठीतच लिहितो. अडलं तर आईला विचार, नाहीतर मला.

तुझा प्रश्न होता तसा आधी लिहून ठेवतो. तुमच्या विद्यापीठात मार्चमध्ये बायकांच्या समानतेसाठी आणि समाजासाठी झटणाऱ्यांना पुरस्कार देतात. त्या समितीवर यंदा तू आहेस. कार्यक्रमात तुला पाच मिनिटं बोलायचंय, त्यात आजीबद्दल सांगावं असं तुझ्या मनात आलं आणि तू ताईआत्याला फोन केलास. तिने तुला ते सांगितलं. मग तू मला म्हणालीस, "बाबा, महिला दिनाच्या सत्कारात बाकी सगळ्यांना कुंकू लावलं आणि आजीला वगळलं, कारण आजोबा नव्हते. तू तिथे होतास ना? मग तू काय केलंस?"

मी फोटो काढत होतो.

एवढंच उत्तर आहे. पण तू रागावण्याआधी थोडं मागचं ऐकून घे. ऐकून रागावलीस तरी चालेल.

आपला पंचवटीतला वाडा तू पाहिला नाहीस. आपण पहिल्यांदा तुला घेऊन गेलो तोवर तिथे इमारत उभी राहिली होती. काळारामाच्या मागची गल्ली, दोन चौक, सहा बिऱ्हाडं. संक्रांत ते रथसप्तमी सहा घरची सहा हळदीकुंकवं व्हायची आणि आमच्याकडची गुलाबदाणी धरायचं काम माझ्याकडे होतं. आई, म्हणजे तुझी आजी, हळदीकुंकू लावायची, मनगटावर अत्तर लावायची, मग मी गुलाबपाणी शिंपडायचो. ओटीत गहू, हरभऱ्याचे घाटे, बोरं, उसाचे करवे, गाजराचे तुकडे. वर तीळगूळ आणि वाण. एका वर्षी चहाची गाळणी, एका वर्षी स्टीलची वाटी. माझ्या डोळ्यांसमोर आई येते ती आधी त्या चौकातलीच, काळ्या चंद्रकळेतली, हातात ताट घेतलेली.

त्या चौकात येणाऱ्या कित्येकींना एरवी रविवार कारंजापर्यंत एकटं जायची मुभा नव्हती. हळदीकुंकवाला मात्र सासू नाही म्हणू शकत नसे. तिथे त्या मोठ्याने हसायच्या, एकमेकींच्या कानाला लागायच्या, कुणाच्या दंडावरचा वळ कुणाला तरी दिसायचा आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी त्या घरी "सहज" डोकावून यायचं. हे तुमच्या आधारगटासारखंच काहीतरी होतं, असं मी मागे तुला म्हणालो होतो आणि तू म्हणालीस, "पण दारावर अट होती ना, बाबा." होती. त्यावर माझ्याकडे तेव्हाही उत्तर नव्हतं.

१९८४ साली आजोबा गेले. मी सहावीत होतो. पुढच्या संक्रांतीला गुलाबदाणी माळ्यावर गेली. कुणी काही बोललं नाही. कुणी वाईटही वागलं नाही, आणि हेच समजावून सांगणं मला सगळ्यात अवघड जातं. समोरच्या काकूंकडे चैत्रगौर असली की भिजवलेले हरभरे, कैरीची डाळ आणि पन्ह्याचा तांब्या झाकून माझ्याच हाती पाठवायच्या. "आईला दे हो, बाळा." अगदी मनापासून. मी चौक ओलांडून घरी यायचो, आई डाळ चाखून म्हणायची, "कैरी चांगली आंबट मिळालीय त्यांना." आणि पुन्हा मशीनवर बसायची. काकूंच्या घरातला हसण्याचा आवाज आमच्या खोलीत स्पष्ट ऐकू यायचा. आईला तिथे का बोलावलं नाही, असं मी एकदाही विचारलं नाही. तू विचारलंस. तू तिथे वाढली नाहीस म्हणून विचारू शकलीस की तुझा स्वभावच तसा, मला ठरवता येत नाही.

मशीनचं तुला माहीत आहे. ब्लाउज, फॉल, पिको. संक्रांतीच्या आधीचे आठ दिवस ती रात्री अकरा-साडेअकरापर्यंत पाय मारत असायची, कारण गल्लीतल्या सगळ्या काळ्या साड्यांचे ब्लाउज तिच्याकडे. तिने शिवलेले ब्लाउज हळदीकुंकवाला जायचे.

ताईआत्याने तुला आजीच्या "समाजकार्याबद्दल" काय सांगितलं माहीत नाही. आजी तो शब्द वापरत नाही. पावसाळ्यात गोदेचं पाणी पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या छातीला लागलं की काठावरची घरं रिकामी करावी लागत. तेव्हा वाड्यातल्या बायका पोळ्या लाटायला बसायच्या आणि पीठ कुणाकडून किती आणायचं हे आजी ठरवायची. पण तिचं खरं काम वेगळं होतं. १९८९ मध्ये नाशकात यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ सुरू झालं. दहावी-बारावी न झालेल्यांनाही पूर्वतयारीची परीक्षा देऊन पुढे पदवीला बसता येतं, हे आजीला कुणाकडून तरी कळलं. तेव्हापासून माप द्यायला येणाऱ्या प्रत्येकीला ती छातीचं माप घेता घेता विचारायची, "शाळा कितवीत सुटली गं तुझी?" मग फॉर्म आणायचा, भरायचा, फोटो चिकटवायचा, आणि नवरा कुरकुरला तर "माझ्याबरोबर बाजारात येतेय" असं सांगून तिला अभ्यासकेंद्रावर न्यायचं. किती जणी शिकल्या ते आजीने मोजलं नाही. मला स्वतःला सात आठवतात. त्यातली एक पुढे अंगणवाडीत लागली आणि निवृत्त होईपर्यंत दर दिवाळीला फराळ घेऊन येत होती. आजी स्वतः मात्र परीक्षेला बसली नाही. "मला कुठे वेळ आहे," म्हणायची. तिची शाळा सातवीत सुटली होती.

आता तो दिवस. ८ मार्च १९९८. तेव्हा महिला दिनाचे कार्यक्रम गल्लोगल्ली होऊ लागले होते. १९९२-९३ च्या घटनादुरुस्त्यांनी ग्रामपंचायती आणि महापालिकांत एक तृतीयांश जागा बायकांना राखीव झाल्या होत्या, १९९४ ला महाराष्ट्राने महिला धोरण आणलं होतं. आमच्याच भागातल्या एका मंडळाने पाच कर्तबगार स्त्रियांचा सत्कार ठेवला. त्यात आईचं नाव. मी पंचवीस वर्षांचा होतो, नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती, नवा कॅमेरा घेतला होता आणि त्यात छत्तीस फोटोंचा रोल भरून गेलो होतो.

व्यासपीठावर सावित्रीबाईंचा फोटो. पाहुण्यांनी हार घातला आणि फोटोतल्या कपाळावर कुंकवाचं बोट टेकवलं. भाषण झालं, १८४८ ची पुण्यातली शाळा, अंगावर आलेलं शेण, सगळं. मग सत्कार. आपल्याकडे सत्काराची रीत ठरलेली आहे. कुंकू, शाल, श्रीफळ, बाई असेल तर ओटी. एक मुलगी ताट घेऊन उभी, दुसरी कुंकू लावतेय. पहिल्या तिघींना लावलं. आईसमोर आल्यावर त्या मुलीचा हात कुंकवाच्या करंड्यावर थांबला. तिने शेजारच्या बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान अगदी थोडी हलवली. मुलीने शाल उचलून आईच्या खांद्यावर घातली, नारळ दिला आणि पुढच्या खुर्चीकडे गेली. तिथे कुंकू लावलं.

ताई उठून उभी राहिली होती. मागच्या बाईने तिचा पदर ओढून तिला खाली बसवलं. मी पुढे, व्यासपीठाच्या खालीच, एक डोळा मिटून बसलो होतो. बटण दाबलं. आईच्या खांद्यावर शाल येतानाचा तो फोटो, आपल्या निळ्या अल्बममध्ये आहे तोच. तू लहानपणी त्यावर बोट ठेवून म्हणायचीस, "आजी जिंकली."

त्या मुलीला मी दोष देत नाही. वीसेक वर्षांची असेल. त्या बाईंनाही बहुधा वाटलं असेल की भर सभेत आईला अवघडवू नये. फार वर्षांनी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आणि तेव्हापासून ती डोक्यातून जात नाही. जोतिराव १८९० च्या नोव्हेंबरमध्ये गेले. सावित्रीबाई त्यानंतर सहा वर्षांहून अधिक जगल्या, सत्यशोधक समाजाचं काम पुढे चालवलं आणि प्लेगच्या साथीत आजाऱ्यांची सेवा करताना १० मार्च १८९७ ला गेल्या. म्हणजे ज्या सेवेसाठी त्या दिवशी त्यांना नमस्कार केला, ती करताना त्या विधवा होत्या. त्यांच्या फोटोला कुंकू चाललं.

हे तू तुझ्या पाच मिनिटांत सांगितलंस तर मला आवडेल. सांगायलाच हवं असं नाही.

तू मागे मला कॅनडातला तो खटला सांगितला होतास. सिनेटवर नेमण्यापुरत्या बायका "व्यक्ती" ठरत नाहीत असं १९२८ मध्ये इथलं सर्वोच्च न्यायालय म्हणालं आणि १८ ऑक्टोबर १९२९ ला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल फिरवला. मी तेव्हा मनातल्या मनात महिने मोजले. त्यानंतर साडेचार महिन्यांनी, २ मार्च १९३० ला, डॉ. आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांनी दलितांना मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून काळारामाचा सत्याग्रह सुरू केला. मंदिराचे चारही दरवाजे बंद होते. दारांशी बसलेल्यांत बायकाही होत्या. माझी आजी तेव्हा नुकतीच लग्न होऊन वाड्यात आली होती, बारा-तेरा वर्षांची. ती सांगायची, "माडीच्या खिडकीतून सगळं दिसायचं." त्यापुढे ती काही बोलायची नाही आणि मीही विचारलं नाही. आपल्या घरची माणसं त्या दिवशी खिडकीत होती, चिऊ. तू आजीची नात आहेस तशी त्या खिडकीचीही आहेस. भाषणात हेही येऊ दे म्हणणं जरा जास्त होईल, पण मनात असू दे.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र काढायचं नाही. सरकारनेही बाकीच्या गावांना तसंच करायला सांगितलं. ताईने ती बातमी आजीला वाचून दाखवली आणि पुढच्या संक्रांतीला स्वतःच्या घरी हळदीकुंकू करून आजीला पाटावर बसवलं. आजीने लावून घेतलं. सगळ्या गेल्यावर म्हणाली, "छान केलंस. पण पुढच्या वर्षी आग्रह करू नकोस. माझ्या कपाळाला आता सवय नाही राहिली." ताई खूप रडली म्हणे. मला इथून फोनवर काय बोलावं सुचेना. इतक्या उशिरा दिलेल्या मानाचं तिने काय करायचं? की देऊ नये असं मी म्हणतोय? तसंही नाही. तू अशा गोष्टी माझ्यापेक्षा नीट मांडतेस.

सोमवारी मी आजीला फोन केला. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं, "आई, त्या सत्काराच्या दिवशी तुला काय वाटलं होतं?"

ती बराच वेळ गप्प होती. मला वाटलं लाइन तुटली. मग म्हणाली, "कुंकवाचं मी धरूनच चालले होते रे. लावणार नाहीत हे मला घरून निघतानाच माहीत होतं. मी तुझ्याकडे बघितलं. तर तुझ्या तोंडासमोर कॅमेरा. मला तुझं तोंडच दिसलं नाही."

मी माफी मागितली. "आता कशाला," म्हणाली, आणि तुझ्या जेवणाची चौकशी करू लागली.

तुझ्या भाषणाबद्दल तिला सांगितलंय. तिची हरकत नाही, फक्त नाव घेऊ नकोस, "पंचवटीतली शिवणकाम करणारी एक बाई" म्हण, असा निरोप आहे. आणि ज्यांना पुरस्कार द्याल त्यांच्यातल्या कुणी फार लांबून येणार असतील तर आधी खायला द्या, नंतर भाषणं करा, हेही तिने दोनदा बजावलंय.

तुझा दादा परवा नाशिकहून आला. त्याच्याबरोबर आजीने तुझ्यासाठी एक पुडकं दिलंय, ते शनिवारी तुझ्याकडे पोचेल. त्यात ती सत्काराची शाल आहे. वापरलेली नाही, घडीवर पिवळी पडलीय. सोबत कागदाच्या लहान पुडीत थोडं कुंकू आहे, आजीने स्वतः बांधलेलं. लाव, नको लावूस, तुझी मर्जी. मी काही म्हणणार नाही.

त्या संध्याकाळी मी येतोय. तिसऱ्या रांगेत बसेन. कॅमेरा आणणार नाही.

बाबा